रानजायफळाचे बी थांबत नाही

बियाणे टिकवायचे तर ते उन्हात चांगले वाळवावे लागते, हे आपण शेतकऱ्याच्या घरी पाहतो. भात, मूग, वाल यांचे वाळलेले बी पुढच्या हंगामापर्यंत टिकते. पण काही झाडांचा नियम याच्या नेमका उलट आहे : बी वाळले की मेले. मायरिस्टिका मॅग्निफिका हे रानजायफळ त्यांपैकीच एक.

मसाल्याच्या जायफळाचा हा भाऊबंद फक्त पश्चिम घाटात आढळतो, तोही ओढ्याकाठच्या गोड्या पाण्याच्या दलदलीत. तिथल्या चिखलात प्राणवायू अगदी कमी असतो. म्हणून अशा दलदलीतल्या झाडांची मुळे गुडघ्यासारखी वाकून चिखलाबाहेर येतात आणि हवा घेतात. कोकणातली खारफुटी आठवून पाहा.

अशा दलदली आता तुकड्या-तुकड्यांनीच उरल्या आहेत. अनेक ठिकाणी त्या बुजवून भातशेती आणि सुपारीच्या बागा झाल्या. गोव्यात सत्तरीतली निरंकाराची राई देवराई म्हणून वाचली. सिंधुदुर्गातील बांबर्डे येथील सुमारे अडीच हेक्टरांची दलदल 2021 साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली.

मग हवामान बदलाने काय बिघडते? रानजायफळाचे बी मोठे आणि पाणीदार असते. धनेशासारखे पक्षी ते दूर नेतात. पण पडल्यावर थोड्याच दिवसांत त्याला ओली जमीन मिळालीच पाहिजे. तापमान वाढले की जमिनीतली ओल लवकर उडते. तोच पाऊस थोड्या दिवसांत कोसळला, तर बरेचसे पाणी वाहून जाते, कमी मुरते आणि ओढा लवकर आटतो. अशा वेळी जुनी झाडे कित्येक वर्षे उभी राहतील, राई हिरवीगार दिसेल. पण खाली रोपे नसतील. नव्या जागी सरकावे, तर भोवती कोरडी जमीन.

इतर पिकांप्रमाणे हे बी वाळवून बरणीत ठेवता येत नाही. रोपवाटिकेत ताज्या बियांची रोपे करता येतात, पण ती लावायला दलदल हवीच. म्हणून हे झाड वाचवायचे, तर त्याचा ओढा आणि ओढ्याला पाणी देणारा डोंगरउतार दोन्ही राखावे लागतील.

हा गुण वर्गात पडताळता येतो. फणसाची आठळीही वाळली की मरते. दहा आठळ्या ताज्या पेरा. दहा महिनाभर वाळवून मग पेरा. दोन्ही वेळा दहा-दहा वालही पेरा. किती उगवले, ते विद्यार्थ्यांनाच मोजू द्या.