रिपोर्टवर सही होण्याआधी
सकाळी साडेआठ. पाषाण रस्त्यावर गर्दी व्हायच्या आत मी ऑफिस गाठते. संगणकावर रात्री लावलेला रन संपलाय का, हे आधी बघायचं. एका माणसाच्या जीनोममध्ये सुमारे ३ अब्ज अक्षरं. संदर्भ जीनोमशी ताडून पाहिलं की ४० ते ५० लाख ठिकाणी फरक निघतात. बहुतेक निरुपद्रवी. आजाराशी संबंध असलेले मोजके वेचून डॉक्टरांपुढे ठेवायचे, हे आमच्या एआय मॉडेलचं काम.

दहा. मॉडेलचा सराव माणसांच्या एका गटावर आणि परीक्षा दुसऱ्या गटावर घ्यायची असते. आपल्याकडे हे वाटतं तितकं सोपं नाही. पिढ्यानपिढ्या जातीतच लग्नं, त्यात काही समाजांत मामाची मुलगी करण्याची रीत. कागदावर परकी असलेली माणसं डीएनएत नातेवाईक निघतात. म्हणून प्रत्येक जोडीचं नातं मोजून जवळची मंडळी एकाच गटात ठेवतो. नाहीतर मॉडेलला पेपर आधीच फुटलेला असतो.

बारा. डेटासाठीचा अर्ज. जगातल्या जनुकीय अभ्यासांत युरोपीय वंशाचीच माणसं जास्त, म्हणून ‘जीनोम इंडिया’ या प्रकल्पातले भारतीयांचे १०,००० जीनोम आम्हाला मोलाचे. ९ जानेवारी २०२५ ला हा डेटा संशोधकांसाठी खुला झाला. तो फरिदाबादच्या डेटा केंद्रात आहे आणि मंजुरीशिवाय मिळत नाही. तेच योग्य.

दोन. पुढचे दोन तास एकाच बदलावर जातात. एमवायबीपीसी३ या हृदयस्नायूच्या जनुकातली २५ अक्षरं गळलेली. दक्षिण आशियात सुमारे ४ टक्के लोकांत हा बदल सापडतो, युरोपात जवळपास नाहीच. त्याचा हृदयविकाराशी असलेला संबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तरीही तो बदल असलेली कितीतरी माणसं ठणठणीत आहेत. युरोपीय डेटावर शिकलेलं मॉडेल ‘दुर्मीळ म्हणजे घातक’ असं धरून चालू शकतं. तसा रिपोर्ट हातात पडला तर धडधाकट तरुणाची झोप उडेल. उलट बदल सोडून दिला, तर ज्याचे वडील तरुणपणीच हृदयविकाराने गेले त्याची टूडी इको राहून जाईल. म्हणून नुसता स्कोअर आम्ही देत नाही. अंदाज कोणत्या लोकांच्या किती नमुन्यांवर बेतलाय, तेही लिहितो. खात्री नसेल तिथे ‘अर्थ अनिश्चित’ म्हणतो. घरातल्या आजारांचा इतिहास डॉक्टरांनी विचारायचा आणि रिपोर्टवर सहीही त्यांचीच.

साडेचार. एथिक्स कमिटीची बैठक. नाव-पत्ता काढला की ओळख पुसली, हा समज मोडायलाच हवा. २०१३ मध्येच संशोधकांनी वाय गुणसूत्र आणि इंटरनेटवरच्या वंशावळी जुळवून निनावी नमुन्यांची आडनावं शोधली होती. शिवाय एकाचा जीनोम भावंडांबद्दल, मुलांबद्दलही बोलतो. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. त्यामुळे आमचा डेटा सर्व्हरबाहेर जात नाही. बाहेरच्यांनी आपला कोड इथे आणून चालवायचा.

सात. नवा रन लावून निघते.

जनुकचाचणीचा फॉर्म तुमच्यापुढे आला तर सही करण्याआधी विचारा: माझा डेटा कुठे राहणार, त्यावर कोण मॉडेल शिकवणार, संमती मागे घेता येईल का? उत्तर मराठीत मागा आणि समजेपर्यंत पेन उघडू नका.