दिसले तेवढेच मेले का? समुद्रपक्ष्यांकडून मोजणीचा एक धडा

दर्यापूरच्या नावात दर्या असला तरी समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर. तरीही सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी अल्बाट्रॉस या समुद्रपक्ष्याची गोष्ट वाचा. आकडा कसा तयार होतो, हे त्यातून नीट कळतं.

प्रश्न काय आहे?
ट्युना पकडणारी मोठी जहाजं ‘लाँगलाइन’ वापरतात. म्हणजे कित्येक किलोमीटर लांब दोर आणि त्याला आमिष लावलेले हजारो गळ. दोर पाण्यात सोडताना आमिष थोडा वेळ वरच राहतं. पक्षी त्यावर झडप घालतो, गळात अडकतो आणि दोराबरोबर बुडून मरतो. अल्बाट्रॉस एका विणीला एकच अंडं घालतो. त्यामुळे मोठे पक्षी मेले की संख्या भरून यायला फार वर्षं लागतात.

दर छोटा, एकूण मोठा
नायजेल ब्रदर्स यांनी १९९१ साली दक्षिण महासागरातल्या जपानी जहाजांवरचा अभ्यास छापला. दर निघाला हजार गळांमागे ०.४१ पक्षी. तीन हजार गळ सोडणाऱ्या जहाजावर एखाद-दुसरा. खलाशाला यात विशेष काय वाटणार? पण वर्षाला गळ पडत होते सुमारे १०.८ कोटी. करा गुणाकार: ४४ हजार अल्बाट्रॉस! म्हणून दर लिहिला की तो कशाने गुणायचा, तेही लिहा.

मोजणारा कुठं उभा आहे?
सहसा पक्षी मोजतात ते दोर वर ओढताना. ब्रदर्स आणि सहकाऱ्यांनी दोर सोडतानाच किती पक्षी अडकले ते पाहिलं आणि नंतर वर किती आले ते ताडून बघितलं. २०१० साली निष्कर्ष आला: सुमारे निम्मेच मृत पक्षी वर येतात. बाकीचे मधेच गळून पडतात किंवा कुणीतरी खातं. म्हणजे डेकवरची नोंद खोटी नव्हती, अपुरी होती.

उपाय ओळखीचा आहे
जहाजाच्या मागे रंगीत पट्ट्या लावलेली दोरी फडकत ठेवतात. तिला ‘तोरी लाइन’ म्हणतात. जपानीत तोरी म्हणजे पक्षी. आपल्या ज्वारीतलं बुजगावणंच म्हणा ना! जोडीला दोराला वजन लावायचं आणि गळ रात्री सोडायचे. आमिष वाचतं, त्यामुळे मच्छीमाराचाही फायदा. नामिबियाने २०१५ साली असे नियम सक्तीचे केले आणि तिथल्या लाँगलाइनवरचे पक्षीमृत्यू सुमारे ९८ टक्क्यांनी घटले.

आपल्याकडे
महाराष्ट्रात २०१८ पासून कासवासारखा संरक्षित सागरी प्राणी जाळं कापून सोडला, तर मच्छीमाराला जाळ्याची २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो. योजना चांगलीच. पण उद्या कुणी हे अर्ज मोजून प्रबंध लिहिला, तर त्यात सुटलेले प्राणी दिसतील, मेलेले नाहीत.

आता हेच आपल्या रानात आणा. समजा, कपाशीवरच्या फवारणीनंतर किती पक्षी मेले हे तुम्हाला मोजायचंय. धुऱ्यावर सकाळी दोन सापडले, तर दोन लिहून मोकळे होऊ नका. रात्रीतून कुत्र्या-मुंगसांनी किती नेले? आधी काही मेलेले पक्षी मोजून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी किती उरतात ते बघा. ती तूट काढल्याशिवाय तुमचा आकडा कमीच राहणार, आणि कमी आकड्यावर कुणी नियम बदलत नाही.