नऊ लाख तीस हजार पत्रं

१९७३ साल संपलं आणि अमेरिकेच्या टपाल खात्यानं हिशेब मांडला. राजकारणी मंडळी सोडली तर त्या वर्षी देशात सर्वांत जास्त पत्रं आली होती ती अटलांटा ब्रेव्ह्ज या बेसबॉल संघाच्या हँक ॲरनला. सुमारे ९,३०,०००. त्याच्या खालोखाल होत्या गायिका आणि दूरचित्रवाणीवरच्या कलावंत डायना शोर, आणि त्यांची पत्रं होती साठ हजार.

नऊ लाख तीस हजार म्हणजे रविवार धरून रोज अडीच हजारांहून जास्त पत्रं. एक पाकीट एक मिलिमीटर जाडीचं धरलं, तर सगळी एकावर एक रचून ९३० मीटरची चळत होईल. दुबईची बुर्ज खलिफा ८२८ मीटर आहे. एकेक पत्र अर्ध्या मिनिटात उरकलं आणि रोज आठ तास दुसरं काहीच केलं नाही, तरी वाचून संपायला अडीच वर्षांहून जास्त काळ लागेल. त्या वर्षी अमेरिकेत साध्या पत्राला आठ सेंटांचं तिकीट लागायचं. त्या हिशेबानं नुसती तिकिटंच ७४,४०० डॉलरची झाली. १९५२ मध्ये अठरा वर्षांचा ॲरन इंडियानापोलिस क्लाउन्स या कृष्णवर्णीयांच्या संघात खेळायला लागला, तेव्हा त्याला महिन्याला २०० डॉलर मिळत. त्याला पत्रं धाडायला लोकांनी जेवढे पैसे खर्चले, तेवढे कमवायला त्याला त्या पगारावर ३१ वर्षं खेळावं लागलं असतं.

या ढिगात शिव्या होत्या, खुनाच्या धमक्या होत्या. कॉलेजात शिकणाऱ्या त्याच्या मुलीला पळवून नेण्याच्या धमक्याही होत्या. एफबीआयला लक्ष घालावं लागलं. अटलांटा पोलिसांचा एक माणूस अंगरक्षक म्हणून त्याच्यासोबत फिरू लागला. पुढे या धमक्यांची बातमी छापून आल्यावर धीर देणारी, कौतुकाची पत्रं लोटली आणि ढीग आणखी वाढला. पण मैदानात उतरणाऱ्या माणसाला गोळी घालायला एकच पत्रलेखक पुरेसा असतो, हे ॲरनला पक्कं ठाऊक होतं.

त्याचा गुन्हा एवढाच, की तो एका आकड्याच्या जवळ पोहोचला होता. तो आकडा ७१४.

बेब रूथ या गोऱ्या, अफाट लोकप्रिय खेळाडूनं १९१४ ते १९३५ या काळात ७१४ होमरन मारले होते. होमरन बहुतेक वेळा आपल्या षटकारासारखा थेट कुंपणापलीकडे जातो, पण फलंदाजाला चार बेसना फेरी मारून ‘घरी’, म्हणजे सुरुवातीच्या बेसवर, परतावं लागतं. दोन बेसमधलं अंतर ९० फूट, म्हणजे एक फेरी ३६० फुटांची. १९७३ चा हंगाम संपला तेव्हा ॲरन ७१३ वर होता. एकोणचाळिसाव्या वर्षी त्यानं त्या हंगामात ४० होमरन मारले होते. देश श्वास रोखून बसला होता असं आता लिहिलं जातं, पण त्याच सप्टेंबरात त्यानं अटलांटाच्या मैदानावर ७११वा मारला तेव्हा प्रेक्षक होते १,३६२. द्वेषाची पत्रं लिहायला लोक वेळ काढत होते आणि त्या दिवशी घरच्या मैदानावर खेळ बघायला दीड हजारही आले नव्हते. या सगळ्या आकड्यांत मला हा सर्वांत बोचतो.

विरोधकांकडेही आकडे होते. रूथला कारकिर्दीत फलंदाजीच्या ८,३९९ संधी मिळाल्या. ॲरनच्या तोवर ११ हजारांवर झाल्या होत्या. दर होमरनमागे रूथला १२ हून कमी संधी लागत, ॲरनला जवळपास १६. हे गणित खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण मग दुसरं गणितही मांडायला हवं. रूथच्या बावीस हंगामांत मेजर लीगच्या, म्हणजे सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगच्या, एकाही अधिकृत सामन्यात त्याच्यासमोर चेंडू टाकायला कृष्णवर्णीय पिचर उभा राहिला नाही, कारण त्यांना मेजर लीगमध्ये प्रवेशच नव्हता. कुठे कायदा लिहिलेला नव्हता. मालकांचा आपसातला समझोता होता. १८८४ मध्ये टोलेडोकडून मोझेस फ्लीटवुड वॉकर खेळला. त्यानंतर थेट १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला. मध्ये साठहून जास्त वर्षं गेली.

त्या वर्षांत कोण खेळलं नाही, याचा हिशेब कसा करणार? काहीसा केला गेला. २०२४ मध्ये मेजर लीगनं १९२० ते १९४८ या काळातल्या कृष्णवर्णीयांच्या लीगमधल्या २,३०० हून जास्त खेळाडूंच्या नोंदी आपल्या अधिकृत दप्तरात घेतल्या. लगेच फलंदाजीच्या सरासरीतला जुना पहिला क्रमांक, टाय कॉबचा .३६७, खाली सरकला आणि .३७२ सह जॉश गिब्सन वर आला. पण हे पाहायला गिब्सन नव्हता. २० जानेवारी १९४७ रोजी, पस्तिसाव्या वर्षी तो वारला. रॉबिन्सनच्या पदार्पणाला तेव्हा ८५ दिवस उरले होते.

रॉबिन्सन आला आणि भिंत पडली, असं शाळेच्या पुस्तकात शोभून दिसतं. प्रत्यक्षात १६ संघांपैकी शेवटच्या, बोस्टन रेड सॉक्सच्या, मैदानावर पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरायला जुलै १९५९ उजाडावा लागला. बारा वर्षांहून जास्त. तोवर ॲरन मेजर लीगमधला सहावा हंगाम खेळत होता.

क्लाउन्सच्या दिवसांतला एक प्रसंग त्यानं आत्मचरित्रात सांगितला आहे. पावसामुळे वॉशिंग्टनमध्ये सामना थांबलेला. संघ मैदानामागच्या एका उपाहारगृहात न्याहारीला बसला. खाऊन झालं आणि आतून आवाज यायला लागला: या मुलांनी ज्या ताटल्यांत खाल्लं त्या स्वयंपाकघरात एकेक करून फोडल्या जात होत्या. ज्या गावात जन्मावरून अस्पृश्य ठरवलेल्यांसाठी वेगळा कप ठेवला जायचा, तिथल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

४ एप्रिल १९७४, सिनसिनाटी. हंगामाच्या पहिल्याच सामन्यात पहिल्यांदा बॅट फिरवली आणि ७१४. चार दिवसांनी अटलांटा. या वेळी ५३,७७५ प्रेक्षक. रात्री नऊ वाजून गेलेले, लॉस एंजलिसचा अल डाउनिंग पिचर. चेंडू डाव्या बाजूच्या कुंपणापलीकडे गेला आणि ॲरन फेरीला निघाला. तेवढ्यात दोन गोरी पोरं मैदानात घुसून त्याच्या बाजूनं धावू लागली. स्टँडमध्ये अंगरक्षक बसला होता. दुर्बिणीच्या पेटीत पिस्तूल. काढायचं की नाही, याचा निर्णय त्याला काही क्षणांत घ्यायचा होता. त्यानं काढलं नाही. पोरांनी ॲरनच्या पाठीवर थाप मारली आणि ती बाजूला झाली. घरी पोहोचलेल्या ॲरनला आई एस्टेलानं गर्दीतून येऊन घट्ट मिठी मारली.

१९७६ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा ७५५ होमरन झाले होते. नुसत्या त्या फेऱ्यांचं अंतर जवळपास ८३ किलोमीटर. त्याचे सगळे ७५५ होमरन वजा केले तरी ३,०१६ यशस्वी फटके उरतात, आणि तीन हजार हा टप्पाच अनेक मोठमोठ्या खेळाडूंना गाठता आलेला नाही. त्याच्या फटक्यांनी मिळवलेले बेस एकूण ६,८५६. प्रत्येकाचे ९० फूट धरून १८८ किलोमीटर होतात, म्हणजे मुंबईहून निघून पुणं मागे टाकलं.

अटलांटातल्या त्या रात्रीनंतर बरोबर एक वर्षानं, ८ एप्रिल १९७५ रोजी, क्लीव्हलँडनं फ्रँक रॉबिन्सनला मॅनेजर म्हणून मैदानात उतरवलं. मेजर लीगमधला तो पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर. १९८१ मध्ये मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडूंचं प्रमाण १८.७ टक्क्यांवर पोहोचलं. २०२४ चा हंगाम सुरू झाला तेव्हा ते होतं ६ टक्के. २०२२ च्या वर्ल्ड सीरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम लढतीत, दोन्ही संघांत मिळून अमेरिकेत जन्मलेला एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता; १९५० नंतर असं पहिल्यांदाच घडलं. आता दारात कोणी अडवत नाही, पण खर्च अडवतो. मुलाला लहानपणापासून गावोगावच्या स्पर्धांना नेण्याची ऐपत घरात लागते. शिवाय २०२५ पर्यंतच्या नियमानं अमेरिकेतल्या वरच्या श्रेणीच्या कॉलेजांना अमेरिकन फुटबॉलच्या संघासाठी ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. बेसबॉलच्या अख्ख्या संघात वाटायला मिळत होत्या ११.७.