कोटाच्या दारातून

शनिवारी सकाळी स्वारगेटच्या एस. टी. स्थानकावर अलिबागच्या गाडीसाठी उभ्या असलेल्या पुणेकराच्या डोळ्यांपुढे वाळू, शहाळी आणि तळलेले पापलेट एवढेच कोकण असते. त्यात वावगे काही नाही. परंतु हाच प्रवासी पुढे मुरूडकडे निघाला, की त्याची गाडी रेवदंड्याच्या कोटातून जाते, हे मात्र त्याच्या गावीही नसते!

रेवदंडा म्हणजे प्राचीन चौल बंदराचे सागरमुख. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी विकावयाचा घोडा घेऊन चौलला उतरला. १५०८ साली याच खाडीच्या मुखाशी पोर्तुगीज आरमाराचा पराभव होऊन व्हाइसरॉयचा पुत्र ठार झाला. तरीही १५२१ मध्ये निजामशाहीच्या अनुमतीने पोर्तुगीजांनी येथे कोट बांधावयास घेतला. १७३९ मध्ये वसई पडली आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने चौलही मराठ्यांकडे आले. आज तेथे भग्न चर्चच्या भिंती आहेत, काहीच मजले उरलेला सातखणी मनोरा आहे. गावात बेने इस्रायलांचे प्रार्थनामंदिर आहे आणि खाडीपलीकडे कोर्लईला पोर्तुगीज वळणाची बोली अजून कानी पडते.

परकीयांच्या या खुणा जपावयाच्या कशाला, असा प्रश्न काही जण करतात. त्यांनी एवढाच विचार करावा, की हरलेल्याचा कोट नाहीसा झाला, तर जिंकणाऱ्याच्या पराक्रमाला साक्ष कोण देणार?

खरी अडचण निराळीच आहे. हा कोट डोंगरावरच्या दुर्गासारखा ओस नाही. त्याच्या आत नांदते गाव आहे, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. अशा ठिकाणी केवळ मनाईचा फलक लावून भागत नाही. ज्याच्या परसात तट आहे, त्याला तो ओझे न वाटता आधार वाटला पाहिजे. पुरातत्त्व खाते व ग्रामपंचायत यांनी एकत्र बसावे, गावातल्याच मुलामुलींना वाटाडे म्हणून तयार करावे आणि पर्यटकाच्या पैशाचा काही वाटा डागडुजीकडे वळवावा. हे काम अवघड नाही. त्यासाठी इच्छा मात्र हवी.

आणि प्रवाशाने? त्याने समुद्राकडे जाण्यापूर्वी तासभर रेवदंड्यास उतरावे. ज्या तटाकडे कोणी पाहतच नाही, तो ढासळल्याची वार्ता तरी कोणाला लागणार?