देवीच्या पायाखालचा शिलालेख

जुन्या हुबळीतील कितीतरी मराठी घराण्यांची कुलदेवता सन्नतीची चंद्रलांबा परमेश्वरी आहे. लग्नमुंज झाली, घरात पाळणा हलला की मंडळी भीमेच्या काठी जातात, ओटी भरतात, प्रसाद घेतात आणि परततात. त्याच देवळाच्या आवारात सम्राट अशोकाचा शिलालेख सापडला आणि तेथून अवघ्या काही किलोमीटरवर कनगनहळ्ळी येथे एक भव्य बौद्ध महाचैत्य उत्खननात उघडे झाले, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. बौद्ध स्थळे म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर अजिंठा, सांची, सारनाथ येतात. आपल्या अंगणात काय आहे याकडे लक्ष जात नाही.

याच विचाराने गेल्या हिवाळ्यात आम्ही काही डॉक्टर मित्र आणि कुटुंबीय मिळून तीन दिवसांची एक छोटी सहल केली. इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक मार्गदर्शक म्हणून बरोबर होते, त्यामुळे दगड नुसते पाहण्याऐवजी वाचता आले. सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना अशी सहल सहज करता यावी, म्हणून हा वृत्तान्त.

डंबळ : सोळा शेट्टींचा विहार

पहिला टप्पा डंबळ. हुबळीहून गदग सुमारे ६० किलोमीटर आणि तेथून डंबळ आणखी २० किलोमीटरच्या आसपास. गाव प्रसिद्ध आहे ते दोड्डबसप्पाच्या चालुक्यकालीन देवळासाठी. या देवळाचे तलविन्यास अनेक कोनांच्या तारकेसारखे असून बाहेरच्या भिंतीवर सूर्यप्रकाश सरकू लागला की प्रत्येक कोन वेगळी सावली टाकतो. आम्हांला मात्र ओढ होती ती इ. स. १०९५च्या एका शिलालेखाची. मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतील अभ्यासक जॉन फ्लीट यांनी तो १८८१ साली प्रसिद्ध केला. कल्याणीचा चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याच्या कारकिर्दीतला हा लेख. त्या वेळी या गावाला धर्मवोळल म्हणत. गावातील सोळा शेट्टींनी, म्हणजे व्यापाऱ्यांनी, येथे बुद्धाचा विहार बांधला होता आणि लोक्किगुंडीच्या, म्हणजे आजच्या लक्कुंडीच्या, एका बड्या व्यापाऱ्याने आर्यतारादेवीचा विहार उभारला होता. या विहारांना दिलेल्या दानांची नोंद या लेखात आहे.

क्षणभर या सालाचा विचार करावा. बाराव्या शतकाच्या उंबरठ्यावर, शैव आणि जैन धर्म भरात असताना, आपल्या धारवाड-गदगच्या मुलखात बौद्ध विहार नांदत होते आणि त्यांचा खर्च पेठेतले व्यापारी उचलत होते. त्याच लक्कुंडीत अत्तिमब्बेने १००७ साली ब्रह्मजिनालय हे जैन मंदिर बांधले होते. एकाच पेठेत हे सर्व शेजारी शेजारी होते. व्यापाऱ्यांना तारा जवळची का वाटली असेल, हे समजण्यासारखे आहे. सिंह, हत्ती, अग्नी, सर्प, चोर, बंधन, जल आणि पिशाच या आठ भयांपासून तारणारी ती तारा. तांडा घेऊन रानावनातून जाणाऱ्याला यातले प्रत्येक भय खरे होते.

ऐहोळे : डोंगराच्या पोटातले दुमजली चैत्य

रात्री बदामीस मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी ऐहोळे गाठले. येथे बहुतेक प्रवासी दुर्ग मंदिर, लाडखान मंदिर पाहून वळतात. मेगुती टेकडीच्या पायऱ्या चढण्याचा उत्साह थोड्यांनाच असतो. त्या चढाव्यात. माथ्याच्या थोडे खाली, अर्धे खडकात कोरलेले आणि अर्धे बांधलेले, दुमजली बौद्ध मंदिर आहे. ते साधारण सहाव्या शतकातले मानतात. बाहेरून ते साधे, खांबांच्या दोन ओळींचे दिसते. पडवीत उभे राहून मान वर केली की छतावर छत्राखाली बसलेला बुद्ध दिसतो. दाराच्या चौकटीवर बारीक कोरीव कथाप्रसंग आहेत. शिर नसलेली एक बुद्धमूर्तीही येथे आहे.

माथ्यावर मेगुतीचे जैन मंदिर आहे. त्याच्या भिंतीवर रविकीर्तीचा इ. स. ६३४चा प्रसिद्ध संस्कृत लेख असून त्यात दुसऱ्या पुलकेशीचे विजय वर्णिले आहेत. मराठी वाचकाने हा लेख आवर्जून पाहावा, कारण नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचे स्वामित्व पुलकेशीला मिळाल्याचे त्यात म्हटले आहे. कालिदास आणि भारवी यांची नावेही त्यात येतात. पुढे काही वर्षांतच चिनी प्रवासी ह्युएनत्संग याच राजाच्या देशात आला. महाराष्ट्रात सुमारे शंभर संघाराम आणि पाच हजारांच्या आसपास भिक्षू असल्याचे त्याने लिहून ठेवले. खाली बुद्ध, वर जिन आणि गावात शिव-विष्णूंची देवळे, हे दृश्य त्या टेकडीवरून आजही एका नजरेत सामावते.

सन्नती : १९८६ साली जे घडले

तिसरा दिवस सन्नतीचा. कलबुर्गी जिल्ह्यातील चित्तापूर तालुक्यात, भीमेच्या काठी हे गाव आहे. पंढरपुरास जिला आपण चंद्रभागा म्हणतो, तीच ही नदी. १९८६ साली चंद्रलांबेच्या देवळाच्या आवारातील कालीमंदिराचे छप्पर कोसळले आणि मूर्ती भंगली. राडारोडा हलवताना मूर्तीखालचे पीठ उघडे पडले, तेव्हा त्या शिळेच्या दोन्ही अंगांवर ब्राह्मी अक्षरे कोरलेली आढळली. मूर्ती बसवण्यासाठी शिळेच्या मध्यभागी खाच पाडली होती, त्यात काही अक्षरे कायमची गेली. उरलेली वाचली गेली तेव्हा हा अशोकाचा लेख असल्याचे स्पष्ट झाले.

एका बाजूस अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी बाराव्याचा काही भाग आणि चौदावा लेख आहे. दुसऱ्या बाजूस ते दोन स्वतंत्र लेख आहेत, जे तोपर्यंत फक्त ओरिसातील धौली आणि जौगढ येथे माहीत होते. ते खास कलिंगासाठीच लिहिले गेले, असे मानले जात असे. भीमेच्या काठच्या एका शिळेने त्या समजुतीला धक्का दिला.

बारावा लेख सांगतो तो आशय असा : राजा सर्व पंथांचा आदर करतो. दान आणि सन्मान यांपेक्षा सर्व पंथांतील साराची वाढ व्हावी, हे त्याला अधिक मोलाचे वाटते आणि त्याचे मूळ वाणीच्या संयमात आहे. आपल्या पंथाच्या प्रेमापोटी जो दुसऱ्याच्या पंथाला हिणवतो, तो आपल्याच पंथाचे अधिक नुकसान करतो. हा उपदेश ज्या दगडावर कोरला, तोच दगड शतकानुशतके एका देवीचे आसन होऊन राहिला. तो बसवणाऱ्या कारागिराला ती अक्षरे वाचता येत असण्याचा संभव नाही. खाच पाडून त्याने लेखाचे नुकसान केले आणि देवीखाली ठेवून त्याचे रक्षणही केले. आवाराबाहेर उघड्यावर राहिला असता तर तो दगड एखाद्या बांधकामात फुटून गेला असता, हे आमच्या मार्गदर्शकांचे म्हणणे पटण्याजोगे होते.

स्वतंत्र लेखांतील पहिला आम्हां डॉक्टरांना अधिक भिडला. तो न्यायदान करणाऱ्या अधिकाऱ्यांना उद्देशून आहे. धौलीच्या प्रतीत तो अधिक पूर्ण वाचता येतो. सर्व माणसे माझी लेकरे आहेत, असे राजा म्हणतो आणि कोणत्या दोषांमुळे माणूस नि:पक्षपणे वागू शकत नाही, त्यांची यादी देतो : मत्सर, चटकन येणारा राग, निष्ठुरपणा, उतावीळ, चिकाटीचा अभाव, आळस आणि थकवा. दुपारी दोन वाजता बाह्यरुग्ण विभागात शेवटचा रुग्ण समोर बसलेला असताना आपल्या मनाची काय अवस्था असते, हे ज्याने अनुभवले आहे, त्याला ही यादी बावीसशे वर्षांपूर्वीची वाटणार नाही. थकवा हाही दोषच आहे आणि त्याची जाणीव ठेवून वागावे लागते, हे राजाने अधिकाऱ्यांना सांगितले होते. आपल्या वैद्यकीय शिक्षणात ते क्वचितच सांगितले जाते.

कनगनहळ्ळी : शहाबादी दगडातले चरित्र

सन्नतीहून जवळच कनगनहळ्ळीचा परिसर आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने १९९०च्या दशकात येथे उत्खनन केले, तेव्हा कोसळलेल्या महाचैत्याचे शिल्पपट मोठ्या संख्येने मिळाले. दगड याच भीमाखोऱ्यातला चुनखडीचा. ज्याच्या फरश्या शहाबादी म्हणून आपल्या स्वयंपाकघरांत आणि ओसऱ्यांत बसल्या, त्याच जातीच्या दगडावर दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी बुद्धाचे जीवन आणि जातककथा कोरल्या. एका पटावर राजा, राणी आणि परिचारिका आहेत आणि ब्राह्मीत ‘राया असोको’ अशी अक्षरे आहेत. अशोकाची नावासह कोरलेली प्रतिमा म्हणून या पटाची जगभर ख्याती झाली. रायचूर जिल्ह्यातील मस्की येथे १९१५ साली ‘देवानांप्रिय’ हा अशोकच, हे लेखातून सिद्ध झाले होते. नाव मस्कीने दिले आणि चेहरा कनगनहळ्ळीने.

सातवाहन राजांचेही नावांसह शिल्पपट येथे आहेत. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राजपरिवाराच्या मूर्ती होत्या. तेथे आज नावे आणि पावलांच्या खुणाच उरल्या आहेत. नाणेघाट ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी तर येथे अवश्य यावे.

मुंडगोड : परत आलेला धम्म

एखाद्या मोकळ्या रविवारी या सहलीला एक जोड द्यावी. हुबळीहून तास-सव्वा तासावर मुंडगोडजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत १९६६ साली वसली. ल्हासाजवळच्या ड्रेपुंग आणि गांदेन या महाविहारांची येथे पुनःस्थापना झाली. डंबळच्या विहारांचे दिवे विझल्यानंतर कितीतरी शतकांनी, आपल्याच मुलखात पुन्हा शेकडो भिक्षूंचे पठण सुरू झाले आणि त्यात तारादेवीचे स्तोत्रही आहे. आरंभीच्या काळात क्षयाने या समाजाला पुष्कळ छळले. वसाहतीत आधुनिक रुग्णालय आहे, तसेच सोवा-रिग्पा या तिबेटी वैद्यकाचा दवाखानाही आहे. या पद्धतीला भारत सरकारने २०१० साली कायद्याने मान्यता दिली.

जाणाऱ्यांसाठी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यात कलबुर्गीकडचे ऊन वयस्करांना सोसत नाही. पहिला मुक्काम बदामीस आणि दुसरा यादगीर किंवा कलबुर्गीस करावा. सन्नतीहून दुपारी निघाल्यास रात्री उशिरा हुबळी गाठता येते. रेल्वेने जाणाऱ्यांना नालवार स्थानक जवळ पडते. मेगुतीच्या पायऱ्या सकाळीच चढाव्यात. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी न्यावी. पाणी, टोपी, शिदोरी आणि नेहमीची औषधे बरोबर असावीत, कारण सन्नतीच्या आसपास सोयी मर्यादित आहेत. परदेशी पारपत्र असलेल्या मुलानातवंडांना मुंडगोडच्या वसाहतीत राहण्यासाठी विशेष परवाना लागतो, त्याची चौकशी आधीच करावी. शिल्पांवर हात फिरवू नये. पाणी किंवा पावडर लावून अक्षरे उठवण्याचा मोह तर मुळीच होऊ देऊ नये.

एक विनंती मात्र आग्रहाने करावीशी वाटते. पुढच्या खेपेस चंद्रलांबेची ओटी भरून झाल्यावर गाडी लगेच परतीच्या वाटेला लावू नका. आणखी दोन तास राखून ठेवा. मुलांना तो शिलालेख दाखवा, कनगनहळ्ळीला न्या आणि त्यावर काय लिहिले आहे ते मराठीत समजावून सांगा. ज्या स्थळाला विचारत माणसे येतात, तेथे रस्ता होतो, पहारा राहतो, निगा राखली जाते. देवीने तो दगड इतकी शतके सांभाळला. यापुढे सांभाळण्याचे काम आपले आहे.