उंदराची भूक व माणसाची व्याधि

घरांतील एखादें मूल वाजवीपेक्षां स्थूल झालें, कीं त्यास ‘हावरट’ ही पदवी देण्यास वडीलमाणसांस फारसा विचार करावा लागत नाहीं. पंक्तींत सर्वांची दृष्टि त्याच्या पानाकडे वळते व जिभेवर ताबा नसणें हा त्याचाच दोष ठरतो. हा न्याय नेहमींच खरा असतो काय? या प्रश्नाचा उलगडा होण्यास अमेरिकेंतील कांहीं उंदीर कारणीभूत झाले. ती हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

उंदीर हें गणरायाचें वाहन; परंतु वैद्यकशास्त्रानेंही आपला बराच भार त्याच्याच पाठीवर टाकला आहे. आनुवंशिक गुण ठरविणारीं जीं जनुकें माणसाच्या ठायीं आहेत, त्यांतील बहुतेकांचीं प्रतिरूपें उंदरांतही सांपडतात. शिवाय माणसाच्या चार पिढ्या पाहण्यास शंभर वर्षें लागतात, तर उंदराच्या चार पिढ्या सुमारें एका वर्षांत पाहतां येतात.

अशा अभ्यासासाठीं अमेरिकेंतील मेन संस्थानांत बार हार्बर येथें १९२९ सालीं जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन झाली. १९४७ च्या वणव्यांत ती जळून गेली. पण पुन्हां उभी राहिली, आणि १९४९ सालीं तेथें अतिशय लठ्ठ उंदरांचा एक वाण आढळला. हे उंदीर अखंड खात व त्यांचें वजन इतरांच्या तिपटीपर्यंत जाई. पुढें १९६६ सालीं तेथीलच दुसऱ्या एका वाणाचें वर्णन प्रसिद्ध झालें. हे उंदीर लठ्ठ असून मधुमेहीही होते.

डग्लस कोलमन यांनीं शस्त्रक्रियेनें दोन दोन उंदीर परस्परांस जोडून एकाचें रक्त दुसऱ्याच्या अंगांत खेळेल अशी योजना केली. मधुमेही उंदरास जोडलेल्या निरोगी उंदरानें अन्न सोडलें व तो उपासमारीनें मेला. पहिल्या वाणाचा लठ्ठ उंदीर मधुमेह्यास जोडला, तेव्हां त्याचीही तीच गत झाली. यावरून कोलमन यांनीं अनुमान काढलें कीं, ‘आतां पुरे’ असा निरोप मेंदूस पोंचविणारा कांहीं पदार्थ रक्तांत असला पाहिजे. पहिल्या वाणांत तो तयारच होत नाहीं. दुसऱ्यांत तो विपुल होतो, पण मेंदूस तो निरोप ऐकूं येत नाहीं. लठ्ठपणा म्हणजे केवळ वर्तनाचा दोष, असें मानणारांस हें सहजासहजीं पटलें नाहीं.

अखेर १९९४ सालीं न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठांत जेफ्री फ्रीडमन व त्यांचे सहकारी यांनीं तें जनुक हुडकून काढलें. त्यापासून मेदांत तयार होणाऱ्या अंतःस्रावास, ‘कृश’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, लेप्टिन असें नांव मिळालें. पुढील वर्षीं तें पहिल्या वाणाच्या उंदरांस टोचतांच त्यांची भूक मावळली व मेद उतरला.

माणसांत असें घडतें काय? १९९७ सालीं केंब्रिज येथील संशोधकांस एकाच कुळांतील दोन अतिस्थूल मुलांत लेप्टिनचा हाच अभाव आढळला. पुढें अशाच अभावामुळें स्थूल झालेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीस वर्षभर रोज लेप्टिन टोचलें, तेव्हां तिचें वजन सुमारें १६ किलो उतरलें. हा वृत्तांत १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. जिला कोणीही खादाड म्हटलें असतें, त्या मुलीच्या देहांत तृप्तीचा निरोप देणारा पदार्थच नव्हता!

मात्र यावरून भलता निष्कर्ष काढूं नये. असा अभाव अत्यंत विरळा. बहुतेक स्थूल माणसांच्या रक्तांत लेप्टिन पुरेसें किंबहुना अधिकच असतें. देह त्यास दाद देत नाहीं, व तें आणखी टोचून विशेष लाभ होत नाहीं. उंदीर वाट दाखवितो. पण ती माणसाच्या बाबतींत कोठवर जाते, हें माणसांतच तपासावें लागतें. आहारविहाराचे नियम म्हणून रद्द होत नाहींत.

तरीही जें मूल अगदीं लहानपणापासून झपाट्यानें फुगत जातें व ज्याची भूक कांहीं केल्या भागत नाहीं, त्यास चारचौघांत टोंचून बोलण्यापूर्वीं वैद्यास दाखवावें, एवढा बोध प्रत्येक घरानें घ्यावा. त्या मुक्या जीवांच्या प्राणांचें मोल देऊन हें ज्ञान मिळालें आहे. तें आपल्या पंक्तीपर्यंत पोंचावें, अशी आमची इच्छा आहे.