पट्टेदार अकीक : दगडातले थर कसे वाचायचे?

मंडळी, गोदावरी, भीमा किंवा प्रवरेच्या पात्रात एखादा गोटा बाहेरून अगदी खडबडीत, मातकट दिसतो. पण फुटला की आत पांढरे, करडे, तांबूस पट्टे! हा पट्टेदार अकीक. तो तिथे आला कुठून आणि ओळखायचा कसा, हे आज आपण पाहू.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. तो थिजताना त्यातले वायू अडकले आणि काळ्या कातळात, म्हणजे बेसाल्टमध्ये, पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत सिलिका विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं. पोकळीच्या भिंतीवर अतिसूक्ष्म स्फटिकांचा एक थर बसला, त्यावर दुसरा, मग तिसरा. म्हणूनच पट्टे पोकळीच्या आकाराप्रमाणे वळतात. जुना थर बाहेर, नवा आत. मध्ये जागा उरलीच, तर तिथे गारगोटीचे टोकदार स्फटिक वाढतात. तांबडा-तपकिरी रंग येतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळे.

आता ओळख. अकीकाची कठिणता 6.5 ते 7. तो काचेवर ओरखडा काढतो. साध्या चाकूने त्याच्यावर मात्र ओरखडा उठत नाही. पातळ कड उजेडासमोर धरली, तर उजेड आत झिरपतो. फुटलेली बाजू शिंपल्यासारखी गोलसर, गुळगुळीत दिसते. पट्टे तर कॅल्साइटलाही असतात, पण तो चाकूने सहज ओरखडतो आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने फसफसतो. अकीक फसफसत नाही.

बाजारातला भडक गुलाबी किंवा गडद निळा अकीक बहुधा रंगवलेला असतो. काही थर रंग जास्त शोषतात, काही कमी. बारीक भेगांत रंग साचलेला दिसला, की समजावं. रंगवणं ही जुनी कला आहे, पण नैसर्गिक म्हणून विकणं ही फसवणूक.

आणि एक गोष्ट, जी आपण विसरता कामा नये. गुजरातेत राजपीपळ्याजवळ रतनपूरला अकीक निघतो आणि खंभातला त्याचे मणी घडतात. तो घासताना उडणारी सिलिकेची धूळ फुप्फुसांत साचते. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही आणि तिथल्या कारागिरांनी तो भोगला आहे. पाण्याखाली घासलं, धूळ ओढून घेणारी यंत्रणा लावली, तर धोका बराच घटतो. तेव्हा सापडलेला गोटा हौसेने घरी कोरडा घासू नका. पाण्यात भिजवून बघा; पट्टे तसेही छान उठून दिसतात.